ऊटाला ये

बोगादी, म्हैसूर
रविवार

अण्णा,

तू रागाने इथेच टाकून गेलेला कीबोर्ड आज मंडी मोहल्ल्यातून दुरुस्त होऊन आला. माइकवर आवाज पकडून पट्ट्यांवर वाजवणारा तोच. खोक्यात एकच फ्लॉपी होती, वर तुझ्या अक्षरात ‘आई’.

शेवटच्या आठवड्यात तू आईच्या तोंडाशी माइक धरलास, म्हणून मी तुला नाही नाही ते बोलले. ती गेली, आणि तूही हुणसूरला निघून गेलास तो परत आला नाहीस.

आज फ्लॉपी घालून मधली पट्टी दाबली. “ऊटाला ये!” खालच्या पट्टीवर आई आजोबांसारखी घोगरी, वरच्या पट्टीवर परकरातली पोर. माझा पुणेकर नवरा बाहेरून म्हणाला, “कोण उठायला सांगतंय?” वीस वर्षं झाली, ऊट म्हणजे जेवण हे काही त्याच्या डोक्यात शिरत नाही. मी हसत सुटले. पुन्हा पट्टी दाबली आणि नकळत ओरडले, “आले गं!”

तू माझं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस.

हे पत्र टाकत नाही. तुला फोनच लावते. पण मी बोलणार नाही, मधली पट्टी दाबणार आहे.

तुझीच भांडकुदळ,
पद्मिनी