पार्ल्यातली एक सीट

१० जुलै
निख्याचा फोन. पार्ल्याच्या कॉलेजात आयटीच्या सेकंड इयरला एक सीट रिकामी झालीय. एकच. "तिकडे कंपन्या लाईन लावतात रे, आपल्याकडे मालाडला कोण येतं? चल ऊठ." मी तेव्हा अंगणात बाबांसोबत जाळं विणत बसलेलो. मासेमारी बंद म्हणून सगळा कोळीवाडा अंगणात. कॉलेज सोडून पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत हात तरी बसला जाळ्यावर.
अट एकच. जुन्या कॉलेजची एनओसी. त्यावर एचओडीची सही. म्हणजे करंदीकर सर.
म्हणजे खल्लास.

१२ जुलै
तरी पार्ल्याला जाऊन आलो. बोर्डवर प्लेसमेंटचे फोटो, टाय घातलेली पोरं. एक पोरगा थेट आपल्या निख्यासारखा दिसतो, फक्त इस्त्री केलेला. क्लार्क मॅडम चांगल्या होत्या. "एकतीस तारखेपर्यंत थांबते. एनओसी आण बाबा, पुढचं मी बघते."
कॅण्टीनमध्ये चहा घेऊन बसलो. कुणीही विचारलं नाही तू कोण. मालाडला मी आत शिरलो की चार टेबलांवरून शिव्या यायच्या. बरं वाटायचं.

१३ जुलै
सायलीला मेसेज केला. 'पार्ल्यात सीट आहे. घेऊ का?' सकाळी साडेनऊला. निळ्या टिक्स लगेच आल्या. उत्तर दुपारी तीनला.
'चांगलं कॉलेज आहे.'
बस. जाऊ नको नाही, जा नाही. रिक्षावालासुद्धा यापेक्षा जास्त बोलतो.
ती माझ्याच वर्गातली, आता थर्ड इयरला. मी मालाडला परत गेलो तर मी दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. एक वर्ष तरी. पार्ल्याला गेलो तर नोकरी लागेल, आणि...

१६ जुलै
एकदा लिहूनच टाकतो, मग पुन्हा नाही.
फेब्रुवारीत जर्नल जमा करायची होती. मी सा.चं जर्नल बघून उतरवलं. चाळीस प्रॅक्टिकल्स, दोन रात्रींत, डोळे मिटत होते. इतकं उतरवलं की पान सोळावर तिचा रोल नंबरसुद्धा उतरवला. करंदीकर सरांनी लॅबमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "बेचाळीस? मुला, तू सायली झालास कधी?" वर्ग हसला. सा. खाली बघत होती. सरांनी दोघांचीही जर्नल्स अडकवली.
मी भडकलो. काय काय बोललो ते इथे नाही लिहिणार. टेबलावरचं माझं जर्नल उचललं आणि टराटरा फाडलं. "घ्या, करा सही!"
ते माझं नव्हतं. दोन्हींना तोच खाकी कागद.
अर्ध्यावर फाटल्यावर अक्षर दिसलं. तिचं. तरी मी थांबलो नाही. हे कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना वाटतं की मला कळलंच नाही. कळलं होतं. मग थांबायचं कसं, ते कळलं नाही.
कॉलेज सोडल्याचा अर्ज त्याच दिवशी टेबलावर टाकून आलो.

१८ जुलै
निख्याने आयला सगळं सांगितलं. नालायक. आय सकाळपासून मागे. "सरांच्या घरी जा. पाया पड. शिकवनारा बापासारका."
"मी नाय पडणार कुणाच्या पाया."
"मंग काय, जनमभर जालंच विननार?"
मी बादलीला लाथ मारली. बादली बाबांच्या पायाशी गेली. बाबांनी ती सरळ केली, उपडी घातली आणि तिच्यावर बसले. परत विणायला लागले. विणता विणताच म्हणाले, "नारली पुनवंला बोट निंगंल. तू हाय का नाय, येवडं आदी सांग. मना खलाशी बगाया बरा."
आता तीन झाले. पार्ले, मालाड, बोट.

२० जुलै, रविवार
गेलो शेवटी. बोरिवलीला, सरांच्या घरी. आयने रिकाम्या हाताने सोडलंच नाही. मेमधले वाळवलेले बोंबील, स्वतःच्या हाताने निवडलेले, एकसारखे. बंदीत असा माल आय जावयालाही देत नाही. "मानसाला मान द्याचा तर चांगला द्याचा."
लिफ्टमध्ये एक काकू नाकाला पदर लावून पहिल्या मजल्यावरच उतरल्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. करंदीकर. अरे देवा.
परत फिरणार तेवढ्यात सरांनीच दार उघडलं. बनियनवर होते.
"तू?"
"सर, आयने पाठवलं."
"काय आहे?"
"सुके बोंबील."
सर दोन सेकंद पिशवीकडे बघत राहिले. मग घेतली, दोन्ही हातांनी, आणि बाल्कनीत ग्रिलला टांगून आले. "आम्ही खात नाही रे. पण आईला सांग, पोचले. बस."
मी पाठ करून गेलेलो. चुकलो सर, रागाच्या भरात सर. अर्ध्यात थांबवलं मला.
"तुझा तो अर्ज मी पुढे पाठवलाच नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तुझं नाव अजून रजिस्टरवर आहे. परत यायचं असेल तर ये, पार्ल्याला जायचं असेल तर सही देतो. मला काय, दोन्हीकडे मीच सही करणार."
मी खूश. तोंडभर हसलो पण.
मग म्हणाले, "त्या मुलीने चाळीसच्या चाळीस पुन्हा लिहिली. आठ दिवसांत. मनगटाला पट्टा बांधून आलेली. मी एक पान उघडलं नाही, सरळ सही केली. तिला सॉरी म्हणालास?"
पाच महिन्यांत मी सा.ला किती मेसेज केले. तुझ्याशिवाय करमत नाही, एकदा बोल, जेवलीस का, मला झोप येत नाही. आत्ता सगळे वर सरकवून बघितले. सॉरी एकदाही नाही.

२१ जुलै
आय: "बोंबील आवडलं का सरास्नी?"
"खूप."
"बायको काय बोलली?"
"बोलली, असे बोरिवलीत मिळत नाहीत."
आय इतकी खूश की पुढच्या हंगामात आणखी पाठवणार आहे. वाट लागली.
दिवसभर दार लावून पडलो. निख्या येऊन दाराबाहेरूनच गेला.

२४ जुलै
मालाड. गेटच्या आत नाही गेलो. बस स्टॉपवर थांबलो. सा. पाच वाजता आली, सोबत कुणी नव्हतं. केस कापलेत. मला न विचारता. (मला का विचारेल.)
"सॉरी."
"कशाबद्दल?"
"जर्नल."
"पाच महिने लागले?"
मी म्हटलं, सायली, मला कळलं होतं फाडताना. ती म्हणाली, "माहितीये. मी समोरच होते ना. तू बघितलंस आणि मग जास्त जोरात फाडलंस."
म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत. तेव्हापासून ती हे घेऊन माझे 'जेवलीस का' वाचत होती.
बस आली. ती चढली नाही. एवढं एक.
"मी मालाडलाच परत येतो. सर घेतायत."
"यायचं तर ये. माझ्यासाठी येऊ नको यार. तू वर्षभर जिन्यात उभा राहणार, आणि मी रोज ठरवणार की आज कुठल्या जिन्याने जाऊ. मला थर्ड इयर आहे."
"आणि पार्ल्याला गेलो तर?"
"तर शिक ना नीट. कुठेतरी."
"मग कुठेच नाही जात. बोटीवर जातो."
"हे बघ," ती म्हणाली, "झालं सुरू."
दुसरी बस आली, तिच्यात ती चढली. खिडकीतून हात केला की केस मागे घेतले, माहीत नाही. मी घरापर्यंत चालत आलो. चप्पल तुटली ओशिवऱ्याला.

२७ जुलै
बाबांना खलाशी मिळाला. पालघरचा. मला न विचारता घेतला.
"मी येणार होतो," मी म्हटलं.
"नाय येनार व्हतास." जाळ्यातून मान वर नाही. "आमी पानी बगून निंगतो. तू कोनाचा तरी तोंड बगून निंगतस. तसला मानूस बोटीवं नको मना."
राग आला. बादली होती समोर. मारली नाही. आत येऊन पडलो.
आता दोनच.

३० जुलै
सरांनी केबिनमध्ये दोन कागद समोर ठेवले. एनओसी, सही केलेली. आणि परत रुजू होण्याचा अर्ज, तोही सही केलेला. "एक जमा कर, एक फाड," म्हणाले, आणि मग स्वतःच कसनुसं हसले. "नको, फाडू नको. मला आणून दे."
निघताना तिसऱ्या मजल्यावरून हसण्याचा आवाज आला. तिचा वाटला. वर गेलो नाही. उगीच दुसऱ्या मजल्यावर फिरलो. लॅबला कुलूप. निख्याला फोन केला, लागला नाही. व्हरांड्यात नवीन पोरं होती, एकही ओळखीचं नाही. मालाडलाही आता कुणी विचारत नाही तू कोण.

३१ जुलै
पार्ले. ऑफिसबाहेरच्या बाकावर. टोकन १९. आत्ता १४ चालू. मॅडमनी मला बघून मान हलवली, सीट अजून आहे. इथलं दोनपर्यंत, मालाडचं पाचपर्यंत. दोन्ही कागद पिशवीत आहेत.
सकाळी सा.ला मेसेज लिहिला होता. पाठवला नाही. तिने काय म्हणावं ते मीच मनात ठरवून ठेवलेलं.
फॉर्म भरतोय. नाव, पत्ता, वडिलांचा व्यवसाय झालं. 'आधीचे कॉलेज सोडण्याचे कारण', दोन ओळींची जागा. शेजारी एक पोरगी आहे, नागपूरहून आलीय, ती म्हणाली, "वैयक्तिक लिही ना, सगळे तेच लिहितात."
तिने विचारलं, "तुला हेच हवंय ना, पण?"
मी म्हटलं, सांगतो.
१५ आत गेला. दोन ओळी अजून कोऱ्या आहेत. १६ नंबरवाला आलेलाच नाही, म्हणजे मधे दोनच राहिले. तोवर माझं मीच ठरवायचं.