न उगवलेलं सांगायची रीत

अहो,

जन्मभर तुम्ही घरातच, तुम्हाला पत्र लिहायचं कधी कामच पडलं न्हाई. आज पडलं. विलास फोनवर म्हणला, "आई, तुझं जे काय म्हणणं असंल ते लेखी दे." मंग वही घेऊन बसले. 'मी सही केली ती चुकली' एवढं लिहिलं आन पुढं हातच चालंना. पोटच्या पोराला काय लिहावं हो? म्हणून पान उलटलं आन तुम्हाला लिहून राह्यले.

आत्याबाईंच्या, तुमच्या आईच्या, तिथीला यंदाबी आपली मदत घेणारे सगळे संस्थावाले आल्ते. वाचनालयाचे गुरुजी, शिलाई शिकवणाऱ्या बाया, आन ऐकू न येणाऱ्या पोरींचं वसतिगृह चालवणारी आपली नसरीन. पुरण मिक्सरवर वाटलं, रागवू नका, पाटा आता उचलवत न्हाई. गुरुजींनी सात पोळ्या खाल्ल्या आन वर म्हणतात, "वहिनी, आजकाल भूकच लागत न्हाई!" मी हसून हसून बेजार.

मंग जेवणं झाल्यावर तुमची रीत. बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक परत आलं की तुम्ही आधी विचारायचे, "कुठं उगवलं न्हाई ते सांग." आत्याबाईंच्या नावानं प्रतिष्ठान काढलं, तिथंबी तेच. "उगवलेलं रस्त्यावरून दिसतं. न उगवलेलं माणूस झाकून ठेवतो," म्हणायचे. जो आपलं फसलेलं सांगंल, त्याच्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळीच मदतीला तुमची मोटारसायकल हजर!

यंदा तुमच्या जागेवर विलास बसला, मांडीवर लॅपटॉप. सगळे बोलले, नसरीन गप्प. मीच म्हणले, "बोल गं बाई, मनात ठेवू नको. घर आपलंच हाय." तवा तिनं सांगितलं. चार पोरी आईबापांनी ऊसतोडीला नेल्या, धाकटी भावंडं सांभाळायला. "अम्मा, मी ट्रॅक्टरच्या पुढं उभी राहिले, पण अडवता आलं न्हाई," म्हणली आन ओढणीनं डोळे पुसले. विलास सगळं टाइप करत होता. मला वाटलं, लेकरू बराबर बापासारखं ऐकून राह्यलं! आनंदानं मी उरलेल्या कढीची वाटी त्याला पुन्हा वाढली.

आठ दिवसांनी तो कागद घेऊन आला; तुमच्यामागं प्रतिष्ठानच्या कागदावर सही माझीच चालते. "आई, इथं सही." मी चौथी शिकलेली, वाचते पण हळू. सही मात्र तुम्ही पाटीवर गिरवून घेतलेली, तिचा मला भारी तोरा. कौसल्याचा काना, मात्रा, सगळं निगुतीनं काढलं. विलास म्हणला, "वा आई, काय अक्षर हाय!" मी फुगले. आन वरचं एक अक्षर वाचलं न्हाई. वर लिहिल्तं, वसतिगृहाची मदत बंद.

मला कसं कळलं? नसरीन आली तवा. उंबऱ्यातच उभी. म्हणली, "अम्मा, तुम्हीच बोल्ले ना, मनात ठेवू नको म्हणून?" तेवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. भाडं आपल्या मदतीतून जायचं, आता घरमालकाला या महिन्याअखेर जागा रिकामी करून पाहिजे. उरलेल्या पोरी कुठं जातील? घरी. घरून कुठं? उसाच्या फडावर.

त्या पोरी आठवतात का? मला हाक मारायची तर नाकावर बोट ठेवतात, माझ्या चमकीवरून. आन तुम्ही म्हणजे घसरलेला चष्मा वर ढकलायचा! उभ्या जन्मात मी तुमचं नाव घेतलं न्हाई, उखाण्यातसुद्धा लाजून पळाले. पोरींच्या बोलीत मात्र दहादा घेतलं. तुम्ही गेल्यावर धाकट्या गंगानं तसाच चष्मा ढकलला आन हात पसरून विचारलं, कुठं? मी तिला पोटाशी धरलं. तीच गंगा आता तोडीवर हाय, धाकटं भावंड कडेवर घेऊन.

विलासला फोन केला तर म्हणतो, "आई, भावनेवर संस्था चालत न्हाई. ज्यांचं काम चांगलं चाललंय त्यांना देऊ."

"अरे, ज्यांचं चांगलं चाललंय त्यांना आपण कशाला लागतो?"

"तू नको डोकं लावू, आई."

वाईट न्हाई हो तो. दर आठवड्याला माझ्या गोळ्या पाठवतो. पण खरं सांगू? यात तुमचीबी चूक हाय. आठवीत त्याला पुण्याला धाडलं. मोठमोठं शिकवलं, आन आपल्या ओसरीवर एकदातरी शेजारी बसवून सांगायचं राहिलं, की माणसाला त्याचं फसलेलं का विचारायचं. तो टाइप करतो, पण दुसऱ्या दिवशी जायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई. मीबी न्हाई. मी वाढत बसले.

आन आता बघा काय झालं! नसरीनचं कळल्यावर गुरुजींनी विलासला फोन करून सांगितलं, वाचनालयात पोरं येत न्हाईत असं मी म्हणलो ते चुकून, उलट गर्दी मावत न्हाई. सात पोळ्या खाणारा माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला. "वहिनी, आता आमचं सगळं उत्तम हाय." सगळे झाकायला लागले. तुमचं सगळं माझ्या एका सहीनं बुडालं, आन मला काय करावं ते सुचंना.

पण ऐका. विलासला लेखी पाहिजे ना? या पानामागची ओळ मी पुरी करते. सही चुकली, ती मी परत घेते, आन पुन्हा बैठक बोलव. शेवटी तीच सही, तितकीच हळू.

उद्या सकाळच्या एसटीनं नसरीनबरोबर फडावर जाते. गुडघे दुखतात, दुखू द्या. गंगाच्या आईशी भांडीन, पाया पडीन, तिचं कडेवरचं लेकरू मी सांभाळते म्हणीन. चारही येतील असं न्हाई. एक आली तरी घेऊन येईन, आन बाकीच्यांसाठी पुन्हा जाईन. महिन्याअखेर घरमालक कुलूप घेऊन आला तर त्याला मी पोरींच्या ओळीत वळकटी टाकून झोपलेली दिसंल. मंग बोलावू दे विलासला. आईला उचलायला तरी त्याला स्वतः यावंच लागंल.

तुमची,
कौसल्या