नटांवरचे पिवळे बाण

प्रिय ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. भावोजी अजून मागच्या खोलीतच बसून असतात, जेवायलाही हाक मारून आणावं लागतं, रस्त्यावरून जड गाडी गेली की कानांवर हात ठेवतात, हे वाचलं आणि पुढचं वाचवेना. तू त्यांना समजाव, तुझं ते ऐकतात, असं लिहिलंयस. ऐकतात गं. सगळं तिथंच बिघडलं.

वर्कशॉपमधल्या प्रत्येक ट्रकच्या चाकांवर आता माझे बाण आहेत. त्यांच्यासाठी झालेल्या माझ्या सत्काराच्या गर्दीत तुला ते नीट बघता आले नसतील. डोकं लढवण्यासारखं त्यात काही नाही. पहिले बाण मी तेलाच्या रिकाम्या पिवळ्या कॅनमधून कात्रीने कापले. चाकाच्या प्रत्येक नटावर एक घट्ट बसवायचा, शेजारच्या दोघांची टोकं समोरासमोर ठेवून. नट जरा जरी सैल होऊन फिरला, की त्याचा बाण तोंड वळवतो. ड्रायव्हरला पाना लागत नाही, वाकावंही लागत नाही. चहा पीत गाडीभोवती एक चक्कर मारली की कळतं. गेल्या महिन्यात एका टँकरचे तीन बाण भलतीकडेच बघत होते. ड्रायव्हरने गाडी फाटकातच थांबवली आणि येऊन मला मिठी मारली. मी संडासात जाऊन आतून कडी लावून बसलो.

सत्काराच्या भाषणात मी म्हणालो, की भावोजींच्या अपघातावरून हे सुचलं. तू पहिल्या रांगेत डोळे पुसत होतीस. ताई, मी अर्धंच सांगितलं होतं.

भावोजींच्या ट्रकचं मागचं डावं चाक मी बसवलं होतं. रिमला नवा रंग दिलेला, तो अजून ओला. वाळेपर्यंत थांबायला हवं होतं, कारण ओला रंग नटाखाली दबून निघून जातो आणि नट ढिला पडतो. म्हणूनच थोडं अंतर चालवून नट पुन्हा आवळायचे असतात. भावोजी पहिली फेरी मारून मुद्दाम त्यासाठी परत आले, गाडी माझ्या ताब्यात देऊन ऑफिसात सही करायला गेले. मी दुसऱ्या गाडीखाली पाठीवर पडलो होतो. उठायचा कंटाळा केला. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "आवळलेस का रे परत?" मी खालूनच म्हणालो, "आवळले, जा तुम्ही." "तू म्हणतोस तर झालं," म्हणत ते गेले.

उतारावर चाक सुटलं. ड्यूटी संपवून घरी निघालेली एक नर्स बसथांब्यावर उभी होती. चाक तिच्यावर आदळलं, ती जागीच गेली.

कोर्टात मला विचारलं, तेव्हा मी शपथेवर सांगितलं, की नट दोनदा आवळले होते. भावोजी माझ्याकडे बघत होते. मग ते एवढंच म्हणाले, "निघण्याआधी चाकं बघणं ड्रायव्हरचं काम, आणि मी बघितली नाहीत." माझा शब्द खरा वाटला म्हणून, की मी तुझा भाऊ म्हणून, हे त्यांना विचारायची छाती मला आजवर झाली नाही. दीड वर्ष ते आत होते. दर महिन्याला तुला तुरुंगाच्या फाटकापर्यंत सोडायला मी यायचो, आणि तू माझे आभार मानायचीस.

काल त्या नर्सची आई वर्कशॉपमध्ये आली. बाणांबद्दल कुणीतरी तिला सांगितलं होतं. मी एका चाकाजवळ नेऊन दाखवले. तिने एक बाण बोटाने हलवून पाहिला, हलला नाही. मग माझे काळे हात आपल्या हातांत धरून म्हणाली, "पोरा, हे आधी का नाही रे सुचलं कुणाला?"

आज सकाळी मी पोलिसांकडे सगळं लिहून दिलं, सही केली. ते मला केव्हाही नेतील. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितोय. तू मला माफ करावंस म्हणून नाही. पत्र वाचून झालं की मागच्या खोलीत जा, दार लाव आणि भावोजींना मोठ्याने वाचून दाखव. त्यांची चूक एकच झाली, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नंतर मला भेटायला यायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
धाकटा