ऋजुताच्या स्थळाचा कागद

वेलचेरी, चेन्नई
१२ जून २००७

चि. दिनकर यास आईचा आशीर्वाद. रागातला असला तरी आशीर्वादच.

मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे?

रविवारी तू ठरवलेला मुलगा ऋजुताला बघायला आला. "सिरुसेरीत कुठली कंपनी?" त्यानं विचारलं, तशी पोर कावरीबावरी झाली. स्थळाच्या कागदावर तू सिरुसेरीतल्या संशोधनसंस्थेऐवजी कंपनीतली नोकरी लिहिलीस! लेकीच्या संशोधनाची लाज वाटली होय रे?

तिनं खरं ते सांगितलं. तूही ऐक. आभाळात कृष्णविवर असतं. त्यात पडणारं सगळं आधी गरगर फिरतं, घासून घासून तापतं, गिरणीतलं पीठ ऊन लागतं ना, तसं. आणि गडप होण्याआधी एक्स-रेचे भपके सोडतं, हाडाचा काढतात तोच एक्स-रे. ते भपके आपली ऋजुता मोजते! मला चौथी पास बाईला कळलं, तुला कळू नये?

मुलगा म्हणाला, "लग्नानंतर हे बंद करावं लागेल."

म्हटलं, "चहा संपवा आणि उठा."

समजूत घालून तिला घेऊन ये म्हणाला होतास. आणणार नाही. सोबत नवा कागद पाठवलाय, तिच्या अक्षरातला, सगळा खरा. फिरवायचा तर हाच फिरव, नाहीतर माझ्या नातीचं नाव घेऊन कुणाच्या दारी जाऊ नकोस.

सूनबाईला जप.

तुझी आई