वेदीमागचा दगड

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार, सकाळी ८.१०
पाळकसाहेब घरी आले. रस्ता रुंद होणार, त्यात आमचं गोऱ्यांच्या काळातलं चर्च जाणार. शंभर वर्षांहून जुनं आहे असं तीस तारखेपर्यंत लेखी दिलं तर वाचेल. पाळकसाहेबांना चार गावं, वेळ नाही. लिहिण्यातला माणूस मीच. साखर कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. काम सोपं. आत जायचं, वेदीमागचा इंग्रजी दगड वाचायचा, उतरवून घ्यायचा. उद्याच जातो.

१० नोव्हेंबर, सायं. ५.०५
दारापर्यंत गेलो. आतून खराट्याचा आवाज. आमची ही, बयाबाई, तीस वर्षं रोज पाचला इथं झाडायची. ती मार्चमध्ये वारली. परत आलो. गुडघा दुखत होता, दुसरं कारण नाही.

१२ नोव्हेंबर
विचारांती ठरवलं. तो वारा. झावळ्या भिंतीला घासतात. चर्चजवळ नारळ नाही. तरी वाराच.

१५ नोव्हेंबर, रविवार
उपासनेला गेलो नाही. समोर आकारामच्या टपरीवर बसून गीतं ऐकली. आकाराम म्हणाला, तात्या, मार्चपासनं तुमी आत पाय ठेवला न्हाईसा की. म्हटलं, संशोधन लांबूनच करायचं असतं. चहा दोन कप.

१९ नोव्हेंबर, सायं. ५.००
टॉर्च, वही, चष्मा, सगळी तयारी. आवाज आलाच. तिसऱ्या बाकापाशी थांबून खराटा दोनदा आपटायची तिची सवय. दोनदा आपटला. अंगावर काटा आला. थंडी पडली आहे.
ती म्हणायची, अहो, त्या दगडावर काय लिवलंय ते एकदा वाचून दाखवा की, रोज पुसते पर कळत न्हाई. मी म्हणायचो, मला पाठ आहे, सांगेन कधीतरी. पाठ नव्हतं. जवळ जाऊन कधी बघितलंच नव्हतं.

२८ नोव्हेंबर
आत न जाताही इतिहास लिहिता येतो, हे आज सुचलं. इतिहास लिहिणारे काय लढाईत उभे असतात? एका बैठकीत लिहून काढला. स्थापना १८५२, एका जनरलच्या हुकमावरून. घंटा लंडनहून बोटीनं. रंगीत काचा चौदा. मनोरा साठ फूट. फुलस्केप सहा पानं. वाचताना माझाच ऊर भरून आला.

३० नोव्हेंबर, दु. ३.४०
अर्ज दिला. पोचपावती घेतली. चर्च वाचलं.

१४ डिसेंबर
साहेब लोक तपासणीला आले. मी टपरीवरून मार्गदर्शन केलं. ते आत अर्धा तास. बाहेर येऊन विचारलं, मनोरा कुठं आहे? काचा चार, त्याही साध्या. घंटा उद्यमनगरातल्या कारखान्यात ओतलेली, १९६१ साली. दगडावरचं सालही वेगळंच. म्हटलं, थोडीफार तफावत असायचीच. वेगळं म्हणजे कोणतं, ते विचारलं नाही. त्यांनी शेरा मारला, माहिती खोटी. माणसंच अडाणी. उद्या वरिष्ठांना लिहिणार.

२ जानेवारी १९९९
वरिष्ठांना लिहायचं राहिलं. अर्ज फेटाळला. फेब्रुवारीत पाडणार. पाळकसाहेबांनी रागावून तरी घ्यायचं. चहा नको म्हणाले आणि गेले.

४ जानेवारी, सायं. ५.००
खराटा वाजत होता. तरी आत गेलो. चर्चचा राखणदार गुंडू झाडत होता, हातात बयाबाईचाच खराटा. म्हणाला, बयाक्कांनी दवाखान्यात सांगितलंतं, पाच वाजलं की झाडायचं, तिसऱ्या बाकापाशी खराटा झटकायचा. मार्चपासनं मीच झाडतोय की तात्या.
म्हणजे ती नव्हती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं.
दगड पुसून पुसून गुळगुळीत झालेला. चारच ओळी. मोठ्यानं वाचल्या. गावाच्या लेकरांसाठी हे देऊळ बांधलं, १८८७. म्हणजे अर्ज दिला तेव्हा एकशे अकरा वर्षं. एवढं खरं लिहिलं असतं तर पुरलं असतं. घड्याळ लावून बघितलं. वाचून, उतरवून, एक मिनिट चाळीस सेकंद.
तिसऱ्या बाकाकडं तोंड करून पुन्हा वाचलं, मराठीत. मग तिथंच बसलो आणि रडलो.
गुंडूनं खराटा भिंतीला टेकवला. म्हणाला, एवढंच लिवलंय व्हय? बयाक्का सगळ्यांना सांगायच्या, आमच्या ह्यांना पाठ हाय.