निरोगी माणसाचा नमुना

३ मार्च १९९१, धुळे
ठरलं. रक्ताचा किंवा लघवीचा एक थेंब टाकला की साखर किती ते सुईने दाखवायचं, असं यंत्र करणार. कार्बनच्या कांडीवर एन्झाइम बसवायचं. ते ग्लुकोज ओळखतं, करंट निघतो, मीटरवर आकडा. भारतात पहिलं. बहुधा जगात. कॉलेज लायब्ररीतल्या सर्वात ताज्या जर्नलमध्ये (१९७८) तरी कुणाचं नाव दिसलं नाही. २१ एप्रिलला जळगावला विज्ञान प्रदर्शन. मंदाला सांगितलं. तिने गॅसचा नंबर लावलात का, विचारलं.

१४ मार्च
मुंबईहून एन्झाइम आणलं. थर्मासमध्ये, बर्फात. चांदवडजवळ एसटी पंक्चर. तीन तास ऊन. बर्फाचं पाणी झालं, ते मीच पिऊन टाकलं. हल्ली तहान फार. एन्झाइमला थोडी ऊब मानवत असावी. पुस्तकं लिहिणारे थंड देशातले, त्यांना काय कळणार.

१९ मार्च
जुन्या सेलमधली कांडी काढून यंत्र जोडलं. ग्लुकोजचं पाणी टाकलं. सुई शून्यावर. म्हणजे यंत्र स्थिर आहे, उगाच थरथरत नाही. उत्तम लक्षण.
लॅब अटेंडंट शालिग्राम म्हणाला, "सर, औषध मरी गयं." सातवी पास. दुर्लक्ष केलं.

२ एप्रिल
वजन सहा किलो कमी. संशोधनाने माणूस सडपातळ होतो. बेल्टला नवीन भोक. रात्री चारदा उठावं लागतं, तेवढाच विचाराला वेळ. मंदा म्हणते डॉक्टरांना दाखवा. प्रदर्शनानंतर.

८ एप्रिल
तुलनेसाठी निरोगी माणसाची लघवी हवी होती. स्टाफरूममध्ये असा माणूस एकच. मी. यंत्राने शून्य दाखवलं. यंत्र अचूक, मी ठणठणीत, एकाच थेंबात दोन्ही सिद्ध.
शालिग्रामने उरलेला नमुना बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात घालून उकळला. साखर असली तर ते लाल होतं. विटकरी लाल झालं. परीक्षानळी धुतली नसणार. झापला.
"सर, नळी तीन डाव धोयेल शे. तुम्हले साखर शे. डाक्टरकडे जा."
पंचवीस वर्षं लॅबमध्ये राहून माणूस असा शेफारतो.

१५ एप्रिल
शालिग्राम परस्पर मंदाला भेटून गेला. घरी चहात साखर बंद. कट आहे. कॉलेजसमोरच्या रसवंतीत दोन ग्लास रस घेतला. दुसऱ्यात आलं जास्त.

२१ एप्रिल, जळगाव
प्रदर्शन. शालिग्राम सोबत, सामान उचलायला. ग्लुकोजचं पाणी टाकलं, सुई शून्य. परीक्षक बन्सीलालजींनी समोरचं लिंबूपाणी ओतून पाहिलं. सुई उडालीच! टाळ्या. मग त्यांनी सांगितलं की आपण बिनसाखरेचंच घेतो. तीन चमचे ग्लुकोज घालून पुन्हा ओतलं. सुई होती तिथंच. लिंबातल्या सी व्हिटॅमिननेही करंट निघतो, म्हणे. म्हणजे लिंबू मोजणारं यंत्र झालं. ही बाजू कुणी लक्षातच घेतली नाही.
एसटीत बसलोय. अक्षर नीट दिसत नाही. बस हलतेय.

२४ एप्रिल, धुळे, दवाखाना
पारोळ्याला पाणी प्यायला उतरलो आणि स्टँडवरच आडवा झालो. शालिग्रामने उचलून जीपमध्ये घातलं, इथपर्यंत आणलं. यंत्र स्टँडवर राहिलं. तो म्हणाला, आधी तुम्ही.
डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. वाटलं, प्रिस्क्रिप्शन. बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब घेतला, पट्टी पेनाला. तीस सेकंद. ४१२.
विचारलं, पट्टीवर काय असतं? एन्झाइम. कार्बन. करंट मोजतं. अमेरिकेत चार वर्षांपासून मिळतं, भावाने पाठवलं.
बराच वेळ पट्टी हातात धरून बसलो. फार सुबक काम आहे.
इन्सुलिन सुरू. मंदा उशाशी बसून आहे. मघाशी हळूच विचारलं तिने, तुम्ही यातले जाणकार, हा आकडा खरा असेल का हो?
लग्नाला एकोणीस वर्षं झाली. शास्त्राबद्दल पहिल्यांदाच विचारलं तिने.
म्हटलं, खरा आहे.