ठासणीची बंदूक आणि नावनचा शिलेदार

६ ऑक्टोबर २०१८
लायसन्स आलं! शेजारच्या नोएलच्या आजोबांची ठासणीची बंदूक आता माझ्या नावावर. नळ्यांच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, मागच्या बारीक छिद्रांवर ठिणगी पाडणाऱ्या टोप्या बसवायच्या, चाप ओढायचा. मग फेझंट, म्हणजे लांब शेपटीचा रानकोंबडा, खाली.
सात वर्षं आयर्लंडमधल्या या नावन गावात राहतोय. 'हाउ आर यू'च्या पुढे कोणी गेलं नाही. आता नोएल गन क्लबात माझं नाव सुचवणार. तीन नोव्हेंबरच्या शिकारीत सगळे मला बघणार, मग ठरवणार. मी सांगून टाकलंय, शिकार आमच्या रक्तातच आहे. पणजोबा राजेसाहेबांबरोबर जायचे.
संकल्प: रोज पहाटे नेम धरायचा सराव.

१० ऑक्टोबर
पहाटे फार थंडी. सराव मनातल्या मनात केला. मोठे नेमबाज तसाच करत असणार.

१८ ऑक्टोबर, दसरा
इतकी वर्षं लॅपटॉपची पूजा केली. आज खरं शस्त्र! झेंडू नाही म्हणून सुपरमार्केटातली शेवंती. टोपीच्या छिद्रांवर ओलं कुंकू सढळ हाताने, कारण ठिणगी तिथूनच आत जाते. शुभदाने आठवण करून दिली, नोएलने बंदूक कोरडी ठेवायला सांगितलंय. बायको डॉक्टर असली म्हणून तिला शस्त्रातलं कळतंच असं नाही.

२ नोव्हेंबर
साफ करायला घेतली. पण पूजेचं कुंकू पुसायचं नसतं. वरवर दिसणारं तेवढं नाइलाजाने पुसलं. आतलं देवाचं.
इथल्या मराठी मित्रांना, पियूष-स्वानंदीला, रविवारी फेझंटच्या तांबड्या रश्श्याचं आमंत्रण.

३ नोव्हेंबर, संध्याकाळी
नोएलने सकाळी विचारलं, नुसती टोपी उडवून छिद्रं मोकळी आहेत का बघितलंस? हो म्हणालो. पहिल्याच दिवशी अडाणी कशाला दिसायचं?
कोंबडा अगदी समोरून उठला. चाप ओढला. टोपी फट् वाजली. बस्स. दुसरी नळीही तशीच. कोंबडा निवांत निघून गेला. नोएलच्या कुत्र्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली.
नोएलने बंदूक काढून घेतली, सुईने छिद्र टोकरलं. लाल खपली निघाली. हे काय, म्हणाला. भारतीय गंजरोधक आहे, म्हणालो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मुक्ताला सांगितलं, दमट हवेमुळे. ती म्हणाली, बाबा, इट्स ऑल्वेज दमट हिअर.

४ नोव्हेंबर
रस्सा चिकनचा झाला. स्वानंदी म्हणाली, फेझंट अगदी चिकनसारखं लागतं नाही? मी हो म्हणालो.
पुण्याला बाबांना फोन. पणजोबांचं विचारलं. ते म्हणाले, जायचे ना शिकारीला. रान उठवायला. डबे बडवत पुढे चालायचे.

८ नोव्हेंबर, पाडवा
नोएलचा मेसेज! मला घेतलंय!! शनिवारी नऊ वाजता. बंदूक घरीच ठेव, झुडपं बडवून पक्षी उठवायला एक काठी आण, ओरडायला तुझा आवाज ग्रँड आहे.
शेवटी रक्तच बोलतं. चांगली काठी आणली. पाडव्याचा मुहूर्त, म्हणून लगेच हळदकुंकू लावलं. शुभदा दारातून बघत होती. म्हणाली, लाव लाव, हिच्यात बुजायला छिद्रच नाही.